येळवशीला येतो म्हणले होते

येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा सण, होऊन शाळा उघडली त्या दिवशी, मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत सहावीतल्या दोन पोरांची जुंपली. एकाने दुसऱ्याच्या तोंडावर स्टीलची ताटली हाणली. ताटलीची कड भुवईवर बसली, रक्त आलं, शर्ट भरला. मारणारा वर्गातला सगळ्यात शांत मुलगा. पहिलीपासून त्याच्याबद्दल एक तक्रार नाही. ज्याला लागलं तो गावातल्या किराणा दुकानदाराचा पोरगा. रांगेत तो म्हणाला होता, ‘तुझा बाप लबाड हाय. येतो म्हणतो अन् येत नाही.’

शाळा जिल्हा परिषदेची, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेजवळ बालाघाटच्या उतारावर. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मुलांची ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत. सहावीच्या वर्गशिक्षिकेला इथे नुसतं ‘बाई’ म्हणतो, मुलंही तेच म्हणतात. या वर्गात महिन्यातल्या एक-दोन शनिवारी, सकाळच्या शाळेत, मुलांसोबत तत्त्वचर्चेचा तास होतो. तास बाई घेतात, मी मागे बसून टिपणं काढतो. पुढचे संवाद त्या टिपणांतून घेतले आहेत.

गावातली निम्म्याहून अधिक घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती तोडीतून फेडायची. मध्ये एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यावरून एका सणासाठी घरी यायचं तर दोघांचे दोन-तीन खाडे, वर गाडीभाडं. काही लेकरं आई-बापासोबत फडावर जातात. काही गावातच आजी-आजोबांजवळ राहतात आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या हंगामी वसतिगृहात सकाळ-संध्याकाळ जेवतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, वर्ग निम्मा रिकामा असतो.

मारणारा मुलगा आजीकडे राहणारा. धाकटी बहीण चौथीत. बाप जाताना सांगून गेला होता, ‘येळवशीला येतो.’ मराठवाड्याच्या या पट्ट्यात येळवस दिवाळीपेक्षा मोठी. रानात कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, करायची, भज्जी, आंबील, उंडे घेऊन अख्ख्या घराने जायचं, वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवायचं. त्या दिवशी हा पोरगा फाट्यावर जाऊन बसला आणि दुपारची एसटी निघून गेल्यावर रानात आला. हे बाईंना मारामारीनंतर आजीकडून कळलं. सोबत आणखी एक गोष्ट कळली, आणि माझ्या मते ती ताटलीपेक्षा गंभीर होती: बापाचा फोन आला की पोरगा म्हशीकडे निघून जातो. बहीण बोलते, हा बोलत नाही.

अशा वेळी आपल्या शाळांत काय होतं ते ठरलेलं आहे. दोघांना ऑफिसात उभं करायचं, हात मिळवायला लावायचे, दुसऱ्या दिवशी परिपाठात रागावर एक बोधकथा सांगायची. शेवटी तात्पर्य. हात मिळवून झाले होतेच. मधली सुट्टी संपायच्या आत ‘सॉरी’ही म्हणून झालं होतं. सगळ्यांसमोर खाली मान घालून उभं करण्याचा पर्याय बाईंनी आधीच बाद केला. शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम माराइतकाच मानसिक छळालाही मज्जाव करतं, हे आपल्याकडे फार कमी जणांना आठवतं. मागे उरली होती ती भांडणातली खरी गोष्ट. दुकानदाराच्या पोराने शिवी दिली नव्हती, एक आरोप केला होता. आणि ज्याच्या बापावर तो केला त्या मुलालाही मनातून तो खरा वाटत होता. फोन न घेण्याचा अर्थ दुसरा काय?

म्हणजे प्रश्न वागणुकीचा कमी आणि विचाराचा जास्त होता: दिलेला शब्द पाळला नाही, तर माणूस खोटा ठरतो का? मोठ्यांनीसुद्धा यावर डोकं फोडून घेतलेलं आहे. अकरा-बारा वर्षांची मुलं त्यावर बोलू शकत नाहीत असं समजायला काही आधार नाही.

तत्त्वचर्चेच्या या पद्धतीची पाळंमुळं अमेरिकेत आहेत. मॅथ्यू लिपमन हे कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत. कॉलेजला येईपर्यंत विचार करायला शिकवणं थांबवून ठेवलं तर फार उशीर होतो, असं त्यांचं मत झालं. न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर इथे १९७४ मध्ये त्यांनी मुलांसाठीच्या तत्त्वज्ञानाची संस्था उभी केली. अ‍ॅन मार्गारेट शार्प त्यांच्या जोडीला होत्या. रीत साधी आहे. मुलं गोलात बसतात, एक गोष्ट ऐकतात. त्या गोष्टीवर प्रश्न मुलंच काढतात आणि कोणत्या प्रश्नावर बोलायचं ते हात वर करून ठरवतात. शिक्षक उत्तर देत नाही, ‘कशावरून?’, ‘नेहमीच तसं असतं का?’, ‘याच्या उलट एखादं उदाहरण?’ एवढंच विचारत राहतो. ऐकायला सोपं, करायला फार अवघड. आपल्याला उत्तर माहीत आहे असं वाटत असताना गप्प बसणं कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

याने मार्क वाढतात म्हणून कुणी ही पद्धत विकत असेल तर सावध राहावं. इंग्लंडमधल्या ४८ शाळांतल्या चाचणीचा अहवाल २०१५ मध्ये आला, तेव्हा वाचन आणि गणितात थोडी वाढ दिसली होती. पुढे २०२१ मध्ये त्याहून मोठ्या चाचणीचा निकाल आला, त्यात वाचनात फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. संवाद, आत्मविश्वास, दुसऱ्याचं ऐकून घेणं यांत थोडा चांगला परिणाम दाखवणारे अभ्यास आहेत, पण तेही ‘थोडा’च म्हणतात. सहावीच्या त्या वर्गात आम्हाला तेवढं पुरेसं होतं.

पहिला निर्णय: भांडण गोलात आणायचं नाही. गोल म्हणजे पंचायत नव्हे. ज्याची जखम ताजी आहे त्याला मध्ये बसवून तिच्यावर चर्चा केली की इतर मुलांना मजा येते आणि त्याची कातडी सोलली जाते. बाई दोघांशी वेगवेगळं बोलल्या. ताटली मारणाऱ्याला म्हणाल्या, ‘शनिवारी आपण गोष्टीवर बोलणार आहोत. तुझं नाव निघणार नाही. नाही बोललास तरी चालतंय, नुसतं बस.’ दुकानदाराच्या पोरालाही तेच सांगितलं.

दुसरा निर्णय गोष्टीचा, आणि त्यात वेळ गेला. आधी तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट डोक्यात होती: थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोण पक्कं, कोण कच्चं ते सांगितलं आणि नामदेव कच्चे निघाले, ती. गोष्ट इकडचीच, मुलांच्या तोंडपाठ. पण तिचा निष्कर्ष एका माणसावर शिक्का मारण्याचा आहे, आणि आमच्या वर्गात नुकताच एक शिक्का मारून झाला होता. मग पैठणच्या नाथांची गोष्ट घेतली. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला घालायला निघालेले एकनाथ वाटेत तापलेल्या वाळूत तडफडणारं गाढव पाहतात आणि कावडीतलं पाणी त्याला पाजतात. ही गोष्ट आपण नेहमी दयेची म्हणून सांगतो. पण तिच्या पोटात एक मोडलेला संकल्प आहे, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. पोराच्या घरच्या गोष्टीपासून ती लांबही होती आणि आतून तीच होती.

शनिवारी बाईंनी गोष्ट सांगितली, पण तात्पर्याआधी थांबल्या. मुलं थोडा वेळ वाट पाहत राहिली. तात्पर्य आलं नाही म्हणजे गोष्ट संपली नाही असं त्यांना वाटतं. मग फळ्यावर प्रश्न आले. ‘बाकीच्या कावडवाल्यांनी पाणी का नाही दिलं?’ ‘गाढवाऐवजी साप असता तर?’ ‘नाथ परत काशीला का नाही गेले?’ ‘देवाला राग आला का?’ आणि एका मुलीचा: ‘रामेश्वराला पाणी घालतो म्हणले अन् घातलं नाही, तर नाथ खोटं बोलले का?’ सापाच्या प्रश्नाला पोरांची बरीच मतं पडली. शेवटच्या प्रश्नाला त्याहून दोन-तीन हात जास्त आले. साप आला असता तर सापावर बोलावं लागलं असतं. बाईंनी तशी तयारी ठेवली होती.

सुरुवात अडखळली. ‘नाथ कसे खोटं बोलतील? ते संत हायत.’ यापुढे कुणी बोलेना. संतांच्या गोष्टी घेतल्या की ही अडचण येतेच. आदर आला की विचार उंबऱ्यावर थांबतो. बाईंनी आदराला हात लावला नाही. म्हणाल्या, ‘बरं, नाथांनी केलं ते बरोबरच केलं, असं धरून चालू. आता सांगा, संकल्प पाळला का मोडला?’ फळ्यावर दोन रकाने काढले, ‘पाळला’ आणि ‘मोडला’. पोरं दोन्हीकडे विभागली. ‘गाढवातबी देव असतोय, म्हणून पाळला.’ ‘मग उद्या मी गृहपाठ नाही केला अन् म्हणलं देवाचं काम केलं, तर?’ हशा झाला. मग एरवी मागच्या बाकावर बसणारा एक जण उठला: ‘बाई, मोडला, पण चूक नाही. तिसरा रकाना काढा.’ बाईंनी काढला. त्याच्या डोक्यावर काय लिहायचं यावर बरीच घासाघीस झाली. शेवटी ‘मोडला पण’ एवढंच लिहिलं गेलं.

त्यानंतरचा वीसेक मिनिटांचा भाग टिपणांतून जवळजवळ जसाच्या तसा देतो.

ज्या मुलीचा प्रश्न होता ती म्हणाली, ‘खोटं बोलणाऱ्याला बोलतानाच माहीत असतंय. नाथांना गाढव भेटेल हे माहीत नव्हतं.’

बाई: ‘म्हणजे बोलताना माहीत नसेल तर ते खोटं नाही. हे सगळ्यांना पटतंय का? उलट उदाहरण?’

‘एखादा दरवर्षी तेच म्हणत असला तर? त्याला माहीत असतंय की जमणार नाही.’

‘मग ते खोटं.’

‘लेकरू रडू नये म्हणून म्हणतात तसं.’

‘मग खरं सांगितलं तर आत्ता रडतंय, खोटं सांगितलं तर मागून रडतंय. रडणं काय चुकत नाही.’

इथे वर्गात शांतता पसरली. बाईंनी ती भरून काढली नाही. मग दुकानदाराच्या पोराने हात वर केला. भुवईवर पट्टी तशीच होती. ‘उधारीवाले उद्या देतो म्हणतात. देत नाहीत. पप्पा त्यांना लबाड म्हणतात.’

मला त्या क्षणी कळलं की ‘लबाड’ हा शब्द त्याने द्वेषातून काढला नव्हता, गल्ल्यावरून उचलून आणला होता. रोज संध्याकाळी ऐकू येणारा शब्द त्याने रांगेत वापरला, इतकंच.

बाई: ‘उद्या देतो म्हणणारे सगळे सारखे असतात का?’

‘काही जणांकडं असतंय, तरी देत नाहीत. काही जणांकडं नसतंच.’

‘नसतं तर देतो म्हणायचंच कामून?’ हा दुसरा मुलगा.

‘नाही म्हणलं तर सामान कोण देईल?’

या वाक्यावर मोठ्यांच्या सभेतही कुणी तरी खुर्चीत सावरून बसलं असतं. वचन देणारा मोकळा नसतो, त्याला ते देणं भाग असतं, ही गोष्ट सहावीतल्या पोराने मीठ-मिरचीच्या हिशेबातून काढली. पुढे ते सरळ ऊसतोडीवर गेलं. बाईंनी नेलं नाही, तिथे ते जाणारच होतं. एक मुलगी म्हणाली, ‘आमच्या पप्पाच्या हातात नसतंय ते. मुकादम हो म्हणला तर येता येतंय. अन् खाडा पडला की कापतात.’ मग तिनेच विचारलं, ‘जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द द्यावा का?’

ताटली मारणारा मुलगा तोवर एक शब्द बोलला नव्हता. बोटाने फरशीच्या भेगेतली माती उकरत होता. आता मान वर न करता म्हणाला, ‘जमलं तर येतो म्हणावं.’

शेजारची मुलगी लगेच: ‘जमलं तर म्हणलं की मग आपून वाटच बघत नाही.’

तो म्हणाला, ‘बघतो.’

तेवढंच. बाईंनी पुढे विचारलं नाही. शाळा सुटायला थोडा वेळ होता. शेवटची फेरी घेतली, ‘आज कुणाचं मत बदललं?’ काहींनी हात वर केले. या दोघांनी केले नाहीत.

बाईंना नंतर वाटत होतं की शेवटी दोन वाक्यं बोलायला हवी होती, ‘आई-वडील आपल्यासाठीच कष्ट करतात’ अशा अर्थाची. मी ठामपणे नको म्हणालो आणि अजूनही तेच म्हणेन. ते वाक्य खरं आहे, पण ते पोरांच्या तोंडावर झाकण ठेवतं. राग येणं म्हणजे कृतघ्नपणा, असा त्याचा अर्थ मुलाच्या कानात शिरतो. ‘मोडला पण’ या रकान्यात राग आणि माया दोन्हींना जागा होती. मुलांनी ती स्वतः केली होती.

पुढच्या आठवड्यात काय झालं? चमत्कार झाला नाही. आजी सांगत होती की पोराने एकदा फोन हातात घेतला आणि बापाला म्हणाला, ‘कधी येतो ते नको सांगू. कुठं हायस ते सांग.’ बापाने फडाचं, गावाचं नाव सांगितलं, किती खेपा भरल्या ते सांगितलं. त्यानंतरही एक-दोन वेळा तो म्हशीकडे गेलाच. दुकानदाराच्या पोराशी त्याची दोस्ती झालेली नाही. क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यूवरून भांडतात, पण बापावर कुणी जात नाही.

फोनच्या बाबतीत बाईंनी एक साधी गोष्ट केली, आणि चर्चेपेक्षा तिचा उपयोग जास्त झाला असेल तर मला नवल वाटणार नाही. तोडीवरची माणसं पहाटे फडात जातात, संध्याकाळी गाडी भरतात. त्यांचा फोन रात्री उशिरा येतो, तेव्हा लेकरं पेंगलेली आणि आई-बाप मोडून गेलेले. बाईंनी वर्गातल्या अशा मुलांच्या पालकांशी बोलून दुपारच्या भाकरीची वेळ ठरवली. आठवड्यातून एकदा मधल्या सुट्टीत बाईंच्या मोबाईलवरून ज्याचं त्याचं बोलणं होतं. मुलांच्या भावनिक गरजांवर बोलताना आपण असे हिशेब विसरतो. संकल्पना कितीही सुंदर असली तरी फोन चुकीच्या वेळी येत असेल तर फोनची वेळ बदलावी लागते.

खरी धांदल तिसरीकडेच झाली. दुकानदाराच्या पोराने संध्याकाळी गल्ल्यावर, गिऱ्हाइकांसमोर, बापाला सांगितलं की उधारीवाले सगळे लबाड नसतात, काही जणांकडं नसतंच. दोन गिऱ्हाइकांनी लगेच मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दुकानदार शाळेत हजर: ‘बाई, लेकराला शिकवा काय शिकवायचं ते, माझी उधारी बुडवू नका.’ त्याचं म्हणणं अगदीच फेकण्यासारखं नव्हतं. तो उधार देतो म्हणून हंगामाआधी कित्येक घरांच्या चुली पेटतात. बाईंनी त्याला चहा पाजला आणि पोराने प्रश्न कसा मांडला ते जसंच्या तसं सांगितलं. तो जरा नरमला. म्हणाला, ‘हुशार हाय, पण दुकानात नको.’ व्यवस्थापन समितीतही एक सूर निघाला की लेकरं उलटं बोलायला शिकतील. हा धोका खरा आहे. कशावरून विचारायला शिकलेलं मूल घरातही कशावरून विचारतं. ज्यांना तत्त्वचर्चा सुरू करायची असेल त्यांनी पालकांना आधी एकदा गोलात बसवावं, नंतर समजावत बसण्यापेक्षा ते सोपं.

सामाजिक-भावनिक कौशल्यांचा तक्ता भरायचा म्हटलं तर भरता येईल. अमेरिकेतल्या ‘कॅसल’ या संस्थेने मांडलेली पाच कौशल्यं बहुतेक प्रशिक्षणांत असतात: स्वतःची जाण, स्वतःवर ताबा, दुसऱ्याची जाण, नाती जपणं, जबाबदार निर्णय. पाचही खुणा या प्रकरणात कुठे ना कुठे सापडतील. तक्त्यात न बसणारी गोष्ट मला महत्त्वाची वाटते: पोराला त्याच्या रागासाठी एक विचार मिळाला, आणि तो मोठ्यांनी दिलेला नव्हता.

मर्यादाही सांगायला हवी. वाट पाहणं, रुसणं, अपमान वाटणं, इथवर गोल पेलतो. एखाद्या मुलाने चर्चेत घरातल्या मारहाणीचं, कुणी अंगाला हात लावल्याचं, जिवाचं बरंवाईट करून घेण्याचं काही सूचित केलं, तर चर्चा तिथेच हळूच दुसरीकडे वळवावी आणि त्या मुलाशी त्याच दिवशी एकट्याने बोलावं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. हे नंबर बाईंनी ऑफिसात नाही, वर्गाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले आहेत. तिथे मुलांना कुणाच्या नजरेत न येता वाचता येतात.

आता पट्टा पडला की फडावर गेलेली लेकरं परत येतील आणि वर्ग पुन्हा भरेल. या चर्चेची दुसरी बाजू त्यांच्याकडे आहे. येळवशीच्या दिवशी त्यांच्या आई-बापांनी कोपीवर काय केलं, गावाकडच्या पोरांची आठवण निघाली का, मुकादमाला सुट्टी मागितली का, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बाईंना त्यांच्यासोबत हाच प्रश्न पुन्हा घ्यायचा आहे, पण नाथांची गोष्ट न सांगता, कारण ती मागे राहिलेल्या मुलांच्या बाजूने आता जुनी झाली. गोष्ट कोणती घ्यायची हे अजून ठरत नाही. माझं मत, गोष्ट नकोच. फळ्यावर तीन रकाने काढावेत आणि तिसऱ्यात कुणाकुणाचं काय बसतं ते आधी परत आलेल्यांना विचारावं. बाईंना ते फार उघडं वाटतं.